माझ्यामागे मुलं कोणाकडे

ऑपरेशन ठरलं तेव्हा मुलगी आठवीत होती आणि मुलगा चौथीत. त्यांचे वडील जाऊन तीन वर्षं झाली होती. माझ्या मेंदूला लागून एक गाठ निघाली होती. डॉक्टर म्हणाले, गाठ साधी वाटतेय, पण जागा वाईट आहे. पुढच्या वेळी घरच्या कोणाला तरी घेऊन या, असंही म्हणाले. मी एकटीच गेले होते. बाहेर येऊन काशिमीऱ्याच्या नाक्यावर, मेट्रोच्या खांबांखाली रिक्षासाठी उभी राहिले, आणि जिवाची भीती वाटायच्या आधी दुसरीच भीती वाटली. मी टेबलावरून उठलेच नाही तर ही दोघं कोणाकडे जातील?

त्या रविवारी सगळे माझ्या घरी जमले. धाकटे दीर आणि जाऊ भाईंदरहून, माझा भाऊ चिपळूणहून. सगळे मायेनेच आले होते, हे आधी सांगते. जावेने घरून जेवण करून आणलं होतं. काही होणार नाही, असं प्रत्येकाचं म्हणून झाल्यावर दिरांनी विषय काढला. समजा वेळ आलीच, तर मुलगी आमच्याकडे राहील, तिची शाळा इथेच आहे. मुलाला मामाकडे गावी ठेवू. भावाने लगेच मान हलवली. त्याला दोन मुलीच, घरात मुलगा हवाच होता. दोघांचीही घरं लहान, एकदम दोन मुलं कोणालाच झेपणारी नव्हती, त्यामुळे वाटणी रास्तच होती. मी पाणी आणायला म्हणून उठले, तर मुलगी स्वयंपाकघराच्या दाराआड हातात ताट धरून उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. बाबा गेल्यापासून तिचा भाऊ रोज तिच्याशेजारी झोपायचा, तिच्या ओढणीचं टोक मुठीत धरून.

ऑफिसातल्या एका बाईंनी मला वकिलाचा पत्ता दिला. स्टेशनजवळ एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्या वकीलबाई बसायच्या. त्यांनी सरळ सांगितलं की मुलांना वडील नाहीत, म्हणून पालक कोण हे मृत्युपत्रात मी लिहू शकते. नाही लिहिलं तर घरचे ठरवतील, त्यांचं जमलं नाही तर कोर्ट. लिहिलं तरी उद्या कोणी कोर्टात गेलंच तर मुलांचं हित आधी बघतील, पण आईने काय लिहिलंय याला वजन असतं. मग त्यांनी पेन खाली ठेवून विचारलं, "नाव कोणाचं?"

दोन दिवसांनी सांगते म्हणून मी उठले.

माझ्या डोक्यात एक नाव होतं, पण ते ओठांवर येत नव्हतं. माझी मोठी नणंद, आमच्या ताई. त्यांनी लग्न केलं नाही, एका शाळेच्या ऑफिसात नोकरी केली, आणि भाईंदरच्या पुढे मुर्धा गावात एकट्या राहायच्या. माझे यजमान शेवटच्या आजारात होते तेव्हा ताईंचा हट्ट होता की भावाला मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात हलवायचं. डॉक्टर म्हणत होते, वाटेतच काही होईल. मी हलवू दिलं नाही. तेराव्याला सगळ्या नातेवाइकांसमोर ताई म्हणाल्या, "माझा भाऊ तुझ्यामुळे गेला." त्यानंतर आम्ही एकमेकींशी बोललो नव्हतो. मुलं मात्र शनिवारी त्यांच्याकडे जायची. ते मी कधी तोडलं नाही.

भाजी निवडताना मी मुलीला सहज विचारल्यासारखं केलं, आत्या माझ्याबद्दल काय बोलते? ती जरा आठवून म्हणाली, काहीच नाही. मग म्हणाली, मागे हा धाकटा आत्याला सांगत होता की आई सारखी ओरडते, तर आत्याने त्यालाच दटावलं. म्हणाली, ती एकटी सगळं ओढतेय, घरी गेल्यावर उलट बोलायचं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मुर्ध्याला गेले. ताईंनी दार उघडलं. आत ये म्हणायला त्यांना वेळ लागला. आजाराचं त्यांना मुलांकडून कळलं होतं. मी बसले आणि काही आडपडदा न ठेवता सांगितलं, दिरांनी काय ठरवलंय, भावाने काय मान्य केलंय, आणि मला दोघं एकत्र राहायला हवीत. त्या ऐकत राहिल्या.

"मी तेव्हा जे बोलले, ते मी मागे घेतलेलं नाही," त्या म्हणाल्या.

"मला माहितेय."

"तरी माझं नाव देतेयस?"

"तुम्ही ते मुलांना कधी सांगितलं नाहीत, ताई. म्हणून देतेय."

त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. मी नकाराची तयारी करत होते. मग त्यांनी मुलाच्या दम्याचं विचारलं. पंप कोणता, थंडीत किती वेळा लागतो, मुलीला गणिताची शिकवणी लावलीय का. मी सांगत गेले. काही होणार नाही, असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत, आणि का कोण जाणे, त्यानेच मला धीर आला. निघताना म्हणाल्या, "तुझ्याबद्दल मी त्यांना खोटं गोड सांगणार नाही. जे पाहिलंय तेवढंच सांगेन."

तेवढं पुरे, असं मी म्हटलं.

दिरांना फोनवर कळवलं तेव्हा ते फार दुखावले. "वहिनी, म्हणजे आम्ही परके झालो?" एवढंच विचारलं आणि फोन ठेवला. भाऊही गप्प झाला. मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून ऑफिसातल्या दोघांनी सह्या केल्या. घरचं कोणी नव्हतं. जिना उतरताना वाटलं, मुलांना एकत्र ठेवण्यासाठी मी बाकी सगळं मोडून ठेवलंय.

ऑपरेशनच्या दिवशी काय झालं ते मला मुलीने नंतर सांगितलं. ऑपरेशन लांबलं. ताई मुलांना घेऊन बाहेर बसल्या होत्या. दीर आले होते, राग विसरून नाही, रागासकट आले होते. संध्याकाळी, लहान मुलाने इथे कशाला थांबायचं, असं म्हणत त्यांनी घरी न्यायला मुलाचा हात धरला, आणि मुलगी ताईंना बिलगली. कॉरिडॉरमध्ये दीर आणि ताई, दोघा भावंडांची बोलाचाली झाली. ताई म्हणाल्या, नेशील तर दोघांना ने, नाहीतर दोघं माझ्याबरोबर येतील. दिरांनी मुलाचा हात सोडला. मग त्यांनीच खाली जाऊन रिक्षा बोलावली आणि तिघांना बसवून दिलं.

मी वाचले. डावा हात बरेच महिने नीट उचलता येत नव्हता. त्या काळात मुलं ताईंकडेच होती. जाऊ डबा घेऊन यायची, दीर बाहेर गाडीपाशी थांबायचे. त्यांना माझ्याशी नीट बोलायला वर्ष गेलं.

आता मुलगी अठराची झालीय. मृत्युपत्रात तिच्यासाठी पालक लागत नाही, म्हणून ते पुन्हा करून घ्यायला गेले. ताईंना फोन केला, मुलापुरतं तुमचं नाव ठेवू ना? त्या मासे साफ करत होत्या, मागे नळ वाहत होता. म्हणाल्या, "ठेव. आणि त्याला सांग, शनिवारी क्रिकेट असलं तरी जेवायला यायचं." त्यांच्या भावाबद्दल आम्ही अजून बोललेलो नाही. मुलांबद्दल रोज बोलतो.