कुरुंद्याची बाई भिंतीतून बाहेर कशी आली

तमाम हिंगोली जिल्ह्याला अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, कुरुंद्याच्या आबारावांच्या घरी एक गायिका डाव्या भिंतीत गेली होती. तिला बाहेर काढण्यासाठी वसमतहून मला तातडीने पाचारण करण्यात आले.

घाबरू नका. बाई स्पीकरमधली होती. घरोघरी साउंड सिस्टिम बसवणे हा माझा धंदा. दोन्ही स्पीकर सारखे ऐकू आले, की गाणारा माणूस त्यांच्या बरोबर मधोमध उभा आहे असे वाटते. यालाच स्टिरिओ म्हणतात. आबारावांनी या सुखासाठी खास खोली काढली होती आणि मध्यभागी सिंहासनाची धाकटी बहीण शोभेल अशी खुर्ची मांडली होती. त्या खुर्चीत बसून त्यांचे कळमनुरीचे व्याही भरल्या घरात म्हणाले होते, "इवाई, पाहुण्याला एकाच कानानं ऐकवून राहिले का?"

तेव्हापासून आबारावांना जेवण गोड लागेना. व्याही रविवारी पुन्हा येणार होते.

"साहेब, इज्जतीचा सवाल हाय," आबाराव म्हणाले.

"बॅलन्सचं बटण फिरवून पाहिलं?"

"पाहिलं की. बाई मधात आली, पर तबला पार दाराभाईर गेला."

मी मोजायचा टेप काढला. खुर्चीपासून दोन्ही स्पीकर सारख्याच अंतरावर. मग दोन्हींच्या वायरींची अदलाबदल केली. दोष सिस्टिमचा असता, तर बाई उजवीकडे जायला हवी होती. बाई डावीकडेच. म्हणजे सिस्टिम निर्दोष, गुन्हेगार खोली.

डावी भिंत कोरी, गिलाव्याची. उजवीकडे छतापासून जमिनीपर्यंत जरीचा पडदा.

"पडद्यामागं काय आहे?"

"कुटं काय!" आबाराव इतक्या निरागसपणे म्हणाले, की मी पडदा ओढलाच.

हळद. छताला टेकलेली पोतीच्या पोती. भाव पडला म्हणून ठेवलेली. आणि या किरकोळ गोष्टीचा आवाजाशी संबंध असेल, हे घरात कुणाला सुचलेच नव्हते! कोरी भिंत आवाज परत फेकते, भरलेले पोते तो गिळते. बाई बिचारी जिकडून हाक येत होती तिकडे गेली.

"निम्मी पोती डावीकडे रचा," मी सांगितले.

"भाव चढल्याबिगर एक पोतं हालणार न्हाई!" दारातून वहिनी कडाडल्या.

"विकायची नाहीत हो वहिनी. नुसती सरकवायची."

"मागल्या खेपेला बी नुसतीच सरकवली होती. तवाच तर ती इकून हे गाण्याचे डबे घरात आले!"

आबाराव छताकडे पाहू लागले. अखेर त्यांनी कुलदैवताची शपथ घेतली आणि वहिनींच्या कडक बंदोबस्तात पोती हलली. दोन्ही भिंतींना सारखी थप्पी लागली, दोन्हींवर सारखा पडदा आला. मी गाणे लावले. बाई मुकाट्याने मधोमध येऊन उभी राहिली. आबारावांच्या डोळ्यांत पाणी आले. थोडे आनंदाचे, बाकीचे हळदीच्या धुळीचे.

रविवारी मलाही बोलावणे होते, साक्षीदार म्हणून. व्याही खुर्चीत बसले. मान डावीकडे केली, उजवीकडे केली, डोळे मिटले. खोट सापडेना. शेवटी दाढ उपटून द्यावी तसे म्हणाले, "बराबर हाय."

आबाराव पैलवानासारखे फुगले. पण व्याही म्हणून जन्माला आलेला माणूस असा हार मानतो काय? त्यांनी हळूच एक पडदा सारला.

"हळद ठेवली व्हय? लई बेस केलं. कालपासून भाव चढून राहिला."

वहिनींनी पदर खोचला आणि त्या उजव्या थप्पीकडे निघाल्या, कारण ती दाराजवळ होती.

त्या दिवसापासून मी गिऱ्हाइकाला खोलीची लांबी-रुंदी नंतर विचारतो. आधी विचारतो, आतला माल कधी विकणार?

आणि आबाराव? भाव चढावा म्हणून महिनोन्‌महिने देवापुढे हात जोडणारा तो हळदीचा शेतकरी दोन्ही हात पसरून थप्पीला आडवा झाला आणि भर पाहुण्यांत ओरडला,

"आरं देवा, इतक्यात काहून?"