कानसेन मिस्त्रींचं इंजिन

मिस्त्रींना सगळी गल्ली 'कानसेन' म्हणायची. कुठलंही इंजिन ते नुसत्या आवाजावरून ओळखत, आणि कंपनीची पाटी वाचणं हा स्वतःचा अपमान समजत. भंगारातून त्यांनी हँडल मारून सुरू करायचं एक जुनं डिझेल इंजिन उचलून आणलं, तेव्हा त्याची पाटी गायब होती आणि पिस्टन गंजून घट्ट बसला होता.

"कोणत्या कंपनीचं?" नवा पिस्टन मागायला गेल्यावर पार्टवाल्याने विचारलं.

"सुरू झालं की आवाजावरून सांगतो."

"अहो, पार्ट बसल्याशिवाय ते सुरू कसं होणार?"

मिस्त्री विडी ओढत, खोकत, तणतणत घरी आले. पण माघार घेतील तर ते मिस्त्री कसले! पिस्टन त्यांनी दुसऱ्याच इंजिनाचा घासूनपुसून बसवला. सांध्यात बसवायचं गॅस्केट तांब्याच्या पत्र्यातून कापलं. तो पत्रा आदल्या दिवसापर्यंत बायकोचं पातेलं होता.

मग हँडल हलकं फिरावं म्हणून बायकोने इंजिनातली हवा मोकळी ठेवणारी खिटी दाबून धरली. मिस्त्रींनी जीव खाऊन हँडल फिरवलं आणि ते "सोड!" म्हणून ओरडले. तिने खिटी सोडली. इंजिन ठसकलं, काळा धूर ओकत धडधडू लागलं.

मिस्त्रींनी डोळे मिटून कान लावला. त्यांचा चेहरा पडला.

"असा आवाज जन्मात ऐकला नाही गं."

पातेल्यावरून बायको आधीच फणफणत होती.

"तुम्ही नसेल ऐकला! आधी खोकायचं, मग धूर सोडायचा, आणि एकदा सुरू झालं की कुणाचं ऐकायचं नाही. लग्न झाल्यापासून मी हाच आवाज ऐकतेय!"