खाऱ्या पाण्यातली हरळी

लेकाने बादलीचं झाकण काढलं, बादली लाटेकडे तिरपी केली आणि मी हातातली काठी त्याच्या मनगटावर हाणली. चाळिशी ओलांडलेला माणूस, कारखान्यात हाताखाली माणसं असलेला, तो भर किनाऱ्यावर "आई गं!" करून ओरडला. बादली कलंडली. थोडं पाणी ओल्या वाळूवर सांडलं आणि त्याच्याबरोबर दोन हिरवी पिसं बाहेर पडली. पुढची लाट निघालेलीच होती. समुद्र मी आयुष्यात दुसऱ्यांदा बघत होते आणि त्याचे माझ्यावर काही उपकार नव्हते, पण त्या वेळी मी गुडघे विसरून वाळूत बसले, ती पिसं उचलली, त्यांच्याखालची वाळू ओंजळीने खरवडून पदरात घेतली, सगळं बादलीत टाकलं, झाकण दाबून लावलं आणि झाकणावर बसले. लेक म्हणाला, "आई, ऊठ ना, लोक बघतायत." मी म्हणाले, "बघू दे. तिकीट न्हाई."

हे ज्यांच्यापायी झालं त्या माझ्या विहीणबाई, माझ्या सुनेची आई, तेव्हा नगरच्या एका दवाखान्यात छातीला टाके घालून पडल्या होत्या. त्यांच्याइतकी हट्टी बाई अख्ख्या नगर जिल्ह्यात नाही, आणि आमचा जिल्हा काही लहान नाही.

त्यांची माझी पहिली भेट झाली ती मुलगी बघायला गेलो तेव्हा. आम्ही पारनेर तालुक्यातली शेतकरी माणसं, टेम्पोतून उतरून धुळीच्या पायांनी सावेडीतल्या त्यांच्या बैठ्या बंगल्यात शिरलो. लोक मुलगी दाखवतात. यांनी आधी टाकी दाखवली. जिथे दुसऱ्यांच्या घरात टीव्ही असतो तिथे यांच्याकडे काचेची लांबलचक टाकी, वर निळसर दिवा, आत खारं पाणी आणि पाण्यात हिरवीगार वेल. वेल वाळूवर सरपटत गेलेली, खाली बारीक मुळ्यांसारखे धागे, वर मोराच्या पिसाऱ्यातून कुणी लहान लहान पिसं उपटून रोवावीत तशी पानं. मासा एकही नाही. आमचे मालक बिचारे अंगणात नांगर उभा करावा तसे तिच्यासमोर उभे राहिले. विहीणबाईंनी विचारलं, "यात पेशी किती असतील, सांगा बरं?" मालक म्हणाले, "आम्ही मोजमाप तलाठ्याकडून करतो." त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "एक. ही सगळी वेल मिळून एकच पेशी." मग पोहे आले, पोह्यांच्या मागून मुलगी आली, पण तोवर अर्धी दुपार त्या पेशीत गेली होती. मुलीकडे बघायला कुणाला सवड झाली नाही. तिला पसंत केली ती आईकडे बघूनच, आणि ते धाडसच होतं.

विहीणबाई संगमनेरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. नोकरीत असेपर्यंत त्यांनी ही समुद्रातली वेल, तिचं नाव कॉलर्पा, फळ्यावर काढून शिकवली. पोरांचा विश्वास बसायचा नाही. हातभर लांबीची वस्तू आणि एक पेशी? त्या मला म्हणायच्या, "विहीणबाई, मीसुद्धा पुस्तकावर विश्वास ठेवून शिकवत होते. पाहिली कुठे होती?" निवृत्त झाल्या आणि फंडाच्या पैशांत बायका काशीला जातात तशा या पुण्याला गेल्या आणि खाऱ्या पाण्यातले मासे विकणाऱ्या एका दुकानातून मासे घेऊन आल्या, माशांबरोबर एक दगड आणि दगडाला चिकटलेला हिचा बोटभर तुकडा. मासे महिनाभरात मेले. तुकड्याने टाकी भरून टाकली.

मी चौथी शिकलेली. पण लेकाने मला गावाहून सावेडीत आणलं, घर दोन गल्ल्यांवर, आणि दुपारी करायला काही नसायचं, म्हणून मी त्यांच्याकडे जाऊन बसायची. जो कोणी त्या टाकीसमोर बसेल त्याला सगळं ऐकावं लागे. गॅस सिलिंडरवाल्याला ऐकावं लागे, मीटर बघायला आलेल्याला ऐकावं लागे. तुमच्या माझ्या अंगात पेशींच्या कोट्यवधी खोल्या आणि प्रत्येक खोलीला भिंत. हिच्यात भिंतच नाही. एकच लांबलचक पडवी, आणि आत सगळा रस या टोकाचा त्या टोकाला वाहतोय. तोडली तर सगळा रस गळून मरायला पाहिजे की नाही? मरत नाही. जखमेवर स्वतःच डिंकासारखं बूच बसवते आणि तुटलेला तुकडा पुन्हा मुळ्या फोडून नवी वेल होतो. मासे खायला बघतील तर अंगात कडू विष आहे. "एवढी साधी आणि एवढी पक्की," विहीणबाई म्हणायच्या आणि अशा बघायच्या की पोटच्या पोरीकडे कधी बघितलं नसेल. सूनबाई हे ऐकून कपबशा जरा जोरात ठेवायची.

मी एकदा म्हणाले, "म्हंजी हरळीच की ही. हरळी उपटून पाटात टाकली का खालच्या समद्यांच्या रानात जाती." विहीणबाई खुर्चीतून उठल्या. मला वाटलं रागावल्या. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. म्हणाल्या, "अहो, हेच! अगदी हेच!" आणि मग जे सांगितलं ते त्यांनी तोवर मलाही सांगितलं नव्हतं. ही वेल गरम समुद्रातली. आपल्या जागी असते तेव्हा बिचारी गुण्यागोविंदाने राहते. पण लोकांनी शोभेला म्हणून ती काचेच्या टाक्यांत वाढवली, तिच्यातली एक जात गार पाण्यालाही सरावली, आणि परदेशात कुठेतरी टाकीचं पाणी समुद्रात गेलं. त्या पाण्यात तुकडा असणार. बोटींच्या नांगराला, कोळ्यांच्या जाळ्याला अडकून तुकडे पुढे पुढे गेले. समुद्राच्या तळाला सतरंजी घालावी तशी ती पसरली, आणि तिथलं मूळचं गवत, त्या गवतात वाढणारी माशांची पिल्लं, सगळं तिच्याखाली गेलं. "म्हणून मी हिला नगरमध्ये ठेवलंय," त्या म्हणाल्या. "इथे समुद्र नाही. पळून जाणार कुठे?" म्हणजे लोकांना वाटायचं म्हातारीने कोरड्या नगरात समुद्र आणला, आणि खरं तर त्यांनी नगरचा तुरुंग केला होता.

आणि तुरुंगावर पहारा काय! टाकीतलं पाणी बदललं की जुनं पाणी आधी धोतराच्या चार पदरांतून गाळायचं, मग गच्चीवर घमेल्यांत उन्हात आटवायचं, तळाला उरलेलं मीठ खरवडून डब्यात भरायचं. माझा लेक इंजिनियर. तो सासूला म्हणाला, "मम्मी, मोरीत ओता हो. गटारातून सीनेत जाईल. गोड्या पाण्यात ती तशीही मरते, तुम्हीच सांगता." विहीणबाई म्हणाल्या, "सीना भीमेत जाते, भीमा कृष्णेत आणि कृष्णा समुद्रात." "पण तोवर मरेल ना ती?" "मरेल." "मग?" "मग मी गाळते," असं म्हणून त्यांनी धोतर पिळलं.

एका संक्रांतीला त्यांच्याकडे हळदीकुंकू होतं. आता आपल्या बायकांची रीत सगळ्यांना माहीत आहे. कुणाकडे चांगलं झाड दिसलं की एक काडी मोडून न्यायची, आणि मनीप्लांट तर विचारून नेला तर लागत नाही, चोरूनच न्यावा लागतो. शेजारच्या बंगल्यातल्या एका बाईंनी तिळगूळ घेता घेता बाही वर केली, टाकीत हात घातला आणि पिसासारखं एक पान रुमालात गुंडाळलं. विहीणबाई तेव्हा आत होत्या. पण बाहेर आल्या, टाकीकडे बघितलं आणि सरळ दारात जाऊन उभ्या राहिल्या. हातात गुलाबदाणी. म्हणाल्या, "माझ्या टाकीतला तुकडा ज्यांनी घेतलाय त्यांनी इथे ठेवावा. तोवर कुणी घरी जाणार नाही." नटलेल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कुणाचं पोर शाळेतून यायचं होतं, कुणाचा कुकर गॅसवर होता. शेजारीणबाई म्हणाल्या, "अय्या, एवढ्याशा काडीसाठी! मी मेली तांब्यात लावणार होते." रुमाल उघडला. विहीणबाईंनी तुकडा घेतला, रुमालही घेतला, तो उकळत्या पाण्यात टाकला, आणि मग त्याच बाईंना नवीन रुमाल आणि दोन वाणं दिली. पुढच्या वर्षी हळदीकुंकवाला चौघीच आल्या. विहीणबाईंना त्याचं काही नव्हतं. "तिळगूळ जास्त उरला," एवढंच म्हणाल्या.

मग त्यांच्या छातीत दुखायला लागलं. बायपास करावी लागली. दवाखान्यात नेताना स्ट्रेचरवरून त्यांनी माझा हात धरला. सूनबाईला वाटलं काही निरवानिरव करतायत, ती रडायला लागली. विहीणबाई मला म्हणाल्या, "पाणी बाहेर जाऊ द्यायचं नाही." मी म्हणाले, "न्हाई जाऊ देत." झालं.

सूनबाई तेव्हा कोकणातल्या एका समुद्रकाठच्या गणपतीला नवस बोलली होती, की आई वाचू दे, तिच्या जिवाची वस्तू तुझ्या पाण्यात सोडीन. मला यातलं काही माहीत नव्हतं. तिला आईचा राग होता, टाकीचाही होता, पण ती वेल कचऱ्यात टाकायचं तिच्या जिवावर आलं. आईने लेकरासारखी वाढवलेली. आपण देवाचं निर्माल्यसुद्धा कचऱ्यात टाकत नाही, वाहत्या पाण्यात सोडतो. तिने जे केलं ते चांगल्या मनाने केलं, हे मी तेव्हाही म्हणाले आणि आजही म्हणते. विहीणबाईंना साध्या खोलीत हलवलं, पुण्याहून त्यांचा मुलगा येऊन जवळ बसला, आणि लेक-सून मला देवाला म्हणून गाडीत घालून घेऊन गेली. पायाशी झाकणाची बादली होती. विचारलं तर सूनबाई म्हणाली, "देवाचं आहे, आई." देवाचं म्हणाल्यावर मी कशाला उघडू? झाकण उघडलं ते लाटेसमोर.

आणि मी झाकणावर बसले ते बसलेच. सूनबाई रडत होती, "आई, नवस आहे हो माझा. माझ्या आईचं काही बरंवाईट झालं म्हणजे?" मी म्हणाले, "तुजा देव येवढा कोता असंल तर त्याला माजं नाव सांग. माज्याशी भांडू दे." एव्हाना शहाळ्यावाला, उंटवाला, दोनचार सहलीची माणसं जमली. शहाळ्यावाल्याने विचारलं, "आजी, बादलीत काय आहे?" मी रागात होते. म्हणाले, "माजी विहीण." माणसं दोन पावलं मागे सरली. कुणीतरी चपला काढून हात जोडले. शहाळ्यावाला हळू आवाजात म्हणाला, "मग सोडा ना पाण्यात, आजी. ओहोटी लागलीय. कशाला अडवून धरता?" मी म्हणाले, "सोडा काय सोडा? जिवंत हाय ती!" उंटवाला उंट घेऊन निघूनच गेला.

शेवटी लेकानेच तोंड फिरवून हसायला सुरुवात केली आणि बादली उचलून गाडीत ठेवली. नवसाचा म्हणून नारळ पाण्यात सोडला. देव भांडायला आला नाही.

दवाखान्यात विहीणबाईंना सांगू नये असं सगळ्यांचं ठरलं होतं. माझं ठरलं नव्हतं. मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मग विचारलं, "वाळूत किती पडलं?"

"दोन पिसं. उचलली. खालची वाळू बी उचलली."

"तुकडा राहिला नसेल?"

"विहीणबाई, सारा जलम हरळी येचलीय मी."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं, आता लेकीला बोलतील. लेकीला त्या एक शब्द बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "समुद्र नाही म्हणून मी नगरवर भिस्त ठेवली. गाडीत घातली की दुपारच्या आत समुद्र, हे मला कसं सुचलं नाही?"

घरी आल्यावर जिना चढायची बंदी होती, वजन उचलायची बंदी होती. टाकीत आता पुन्हा ती हिरवी पिसं हलत होती. बादलीतून काढून मीच लावली होती. विहीणबाई दिवसभर तिच्यासमोर बसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाल्या, "बोअरच्या पाण्याने घंगाळ भरा." मी समजले. म्हणाले, "कशापायी? मी हाय ना राखायला."

"तुम्ही माझ्यापेक्षा मोठ्या आहात."

"मग? मोठी हाय म्हून लगेच मरती का काय?"

"नाही. पण आपण दोघी मिळून कायमच्या नाही. आपल्यामागे कुणीतरी चांगल्या मनाने पुन्हा बादली भरेल." हे बोलताना आवाज जराही हलला नाही. कॉलेजात असाच असणार.

घंगाळ मी भरलं. त्यांनी स्वतःच्या हाताने वेल वाळूतून सोडवली, एकेक धागा मोकळा करत, आणि गोड्या पाण्यात ठेवली. आधी काही झालं नाही. मग पाणी हिरवट झालं, मग पिसं कडेने पांढरी पडायला लागली, आणि दुपारपर्यंत भिजवलेल्या कागदासारखी ती पारदर्शक होऊन तळाशी बसली. एकच पेशी असल्यामुळे सगळी एकदमच गेली. विहीणबाई ताठ बसून बघत होत्या. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, तो त्यांनी झटकला नाही, हेच मला जड गेलं. तो चोथा मी गच्चीवर नेऊन उन्हात पसरला. मेलेल्या वस्तूचंसुद्धा आम्ही पाणी गाळून घेतलं.

टाकी तशीच आहे, कोरडी. सूनबाई विचारते, मासे आणू का, तर त्या नको म्हणतात. दुपारी मी जाते, चहा होतो. सिलिंडरवाला आला की त्या त्याला नुसते पैसे देतात, आणि तो उगीच दारात क्षणभर थांबतो. पुढच्या महिन्यात त्यांना डॉक्टरकडे तपासायला न्यायचं आहे. त्या येत नाही म्हणतात, मी नेणार आहे.

विहीणबाई जगल्या. मीही आहे. ती वेल गेली.