रखमाजी सुताराची खळ

रखमाजी सुताराइतका हट्टी माणूस मी उभ्या मावळात दुसरा पाहिला नाही, आणि माझं व्हायोलिन नेमकं त्यानंच केलेलं होतं. दर पावसाळ्यात ते उघडायचं. श्रावणात रियाजाला म्हणून पेटी उघडावी, तर पाठ कडेपासून सुटलेली. मग लोणावळ्याची शाळा आटोपून, ते धोतराच्या फडक्यात गुंडाळून गाडीनं मळवलीला उतरायचं आणि चिखल तुडवत त्याच्या भाजे गावाला जायचं. रखमाजी ओटीवरूनच हसायचा.

"आलं का मास्तर, म्हायेरपणाला?"

असा संताप व्हायचा!

त्याचं घराणं नांगर-कुळवाचं. चौदा सालच्या सुमाराला लोणावळ्याच्या रेल्वेतल्या एका गोऱ्या गार्डानं बंगल्यातल्या खुर्च्यांबरोबर एक मोडकं फिडल, म्हणजे व्हायोलिनच, त्याच्याकडे दुरुस्तीला दिलं. दुसरा असता तर दुरुस्त करून मोकळा झाला असता. यानं ते पुरतं उलगडलं, त्याचा लाकडी साचा करून ठेवला आणि पुढच्या उन्हाळ्यात स्वतःचं फिडल उभं केलं. पोट, म्हणजे पुढची फळी, रेल्वेनं आलेल्या देवदाराच्या खोक्याचं, पाठ शिवणीच्या लाकडाची. गावानं त्याला खुळ्यात काढलं. पण वाद्य गोड वाजायचं, हे कबूल करायलाच हवं. नाहीतर मी वीस वर्षं चिखल कशाला तुडवला असता? मुलगा भिमाजी हाताशी आल्यावर बापानं त्याला लाकूड बोटानं ठोकून ऐकायला शिकवलं, आणि मुलाचा हात बापापेक्षाही हलका निघाला.

घोडं अडायचं ते जोडकामाशी. व्हायोलिन जोडतात सरसानं, आणि सरस होतो जनावरांच्या कातड्याहाडांचा. रखमाजीच्या गळ्यात तुळशीची माळ. गार्डाचं फिडल कशानं जोडलंय हे कळलं, तेव्हा म्हणे त्यानं आधी इंद्रायणीवर जाऊन अंघोळ केली. तेव्हापासून त्याच्या घरातली फिडलं चिंचोक्याच्या खळीनं जोडली जायची. कोरड्या मुलखात ती खळ टिकलीही असती. आमच्याकडे पावसाळ्यात भिंतींना बुरशी येते, बरणीतल्या मिठाचं पाणी होतं, तिथं खळीची काय कथा!

"अहो आबा, सारं जग सरस वापरतं," मी दर वर्षी सांगायचो.

"जगाला वापरू द्या की. माज्या घरात ते शिजायचं न्हाई." आणि चिंचोके भिजत घालायला उठायचा.

मी हात टेकले होते. भिमाजीनं मात्र टेकले नव्हते. त्याला फिडलांखेरीज काही सुचायचं नाही. चांगली फिडलं करणारा म्हणून नाव व्हावं, एवढीच त्याची इच्छा होती. एका वर्षी त्याचं सगळ्यात देखणं फिडल एका नाटक मंडळीच्या वादकानं नेलं. भर आषाढात तळेगावला त्यांचा खेळ लागला, आणि नायिकेचं पद ऐन रंगात आलेलं असताना फिडलाचं पोट सुटून वादकाच्या मांडीवर आलं. प्रेक्षक हसले. भिमाजी समोरच बसला होता.

घरी येऊन तो बापाला म्हणाला, "बा, एक तर सरस घरात यील, न्हाईतर मी जाईन."

रखमाजी म्हणाला, "सरस यायचा न्हाई."

झालं! पुण्यात खुर्च्यांच्या कारखान्यात भिमाजीनं जागा पाहिली. मी धावत भाज्याला गेलो, तासभर डोकेफोड केली, माझा आवाज बसला. रखमाजी शांतपणे रंधा मारत होता. शेवटी त्याची बायको कस्तुराबाईच कडाडली, "मास्तर, तुमी कशाला घसा फोडताय? ह्या दोगांना लाकडं ठोकून ऐकू येतं. मानसाचं न्हाई येत."

जायच्या दिवशी भिमाजीला गाडीत बसवून द्यायला मी सकाळीच पोचलो. कस्तुराबाई डोळे पुसत भाकरी बांधत होती. रखमाजीचा पत्ता नव्हता. भिंतीवरच्या पटाश्या, रंधे, गार्डाच्या फिडलावरून केलेला तो साचा, सगळंच नाहीसं झालेलं.

"निरोपाला बी थांबला न्हाई, आनि हत्यारं बी लपवली," भिमाजी म्हणाला. त्याचा चेहरा इतका उतरला होता, की म्हातारा समोर असता तर मी वय विसरून त्याला चार शब्द सुनावले असते.

आम्ही स्टेशनच्या वाटेला लागलो. गावाबाहेर, ओढ्याच्या अलीकडं, त्यांचा जुना गोठा आहे. त्याच्या दाराशी रखमाजी पाठमोरा बसून लाकूड कोरत होता. आत गोठा सारवून लख्ख केलेला. हत्यारं ओळीनं लावलेली, साचा खुंटीवर, कोपऱ्यात तीन दगडांची चूल आणि तिच्यावर नवं कोरं मडकं. मडकं रिकामंच होतं.

भिमाजी जागीच थबकला.

"सरस कुटं मिळतो, मला ठावं न्हाई," रखमाजी मान वर न करता म्हणाला. "तुजा तू आन. मी हितं भाईर बसून कोरून देईन, तू आत जोड. चूल पेटवायच्या आदी मला हाळी दे, मी वढ्याकडं जातो."

"आनि तुजी माळ, बा?"

"वहाना बी कातड्याच्याच असत्यात. त्या उंबऱ्याभाईर ऱ्हात्यात. ह्यो सरस बी ऱ्हाईल."

भिमाजीनं भाकरीचं गाठोडं तिथंच ठेवलं आणि बापाशेजारी मातीत बसला. मला बरं वाटायला हवं होतं, पण माझं डोकं भडकलं. वीस पावसाळे! वीस पावसाळे मी ते फडक्यातलं गाठोडं घेऊन या माणसाच्या दारात आलो होतो.

"आबा," मी ओरडलोच, "एवढी साधी गोष्ट तुम्हाला आधी सुचली नाही?"

"सुचली व्हती की, मास्तर." त्यानं कोरलेला तुकडा फुंकून भिमाजीच्या हातात दिला. "पर तवा पोरगं सोडून चाललं नव्हतं."