बॉनेटमागची शांतता

परवा शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये पुढच्या गाडीचं इंजिन तापलं. उकळत्या कूलंटचा गोडसर वास आला आणि तीस वर्षांपूर्वीची वागळे इस्टेटमधली शेड समोर उभी राहिली.

बाबा त्यांच्या जुन्या गाडीच्या रेडिएटरचा पंखा बसवत होते. पंख्याभोवतीच्या कव्हरमध्ये हात घालून, चहूबाजूंनी बोटभर जागा सुटलीय का, ते चाचपत होते. मी स्टिअरिंगवर बसलेले. उघड्या बॉनेटमुळे ते मला दिसत नव्हते.

"स्टार्टर मारू नको!" ते ओरडले. नेमका बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला. त्यात 'नको' बुडालं. मला वाटलं, मार म्हणतायत. मी चावी फिरवली.

काहीतरी कडाडलं. मी झटकन चावी बंद केली.

"बाबा?"

उत्तर नाही. दाराचं हँडल सापडेना.

मग बॉनेटच्या बाजूने एक पंजा बाहेर आला. "मोज गं, पाचही आहेत. नुसती शर्टाची बाही गेली." बाबा हसत होते. मीही रडता रडता हसले. ते घाबरलेच नाहीत, असं मला तेव्हा वाटलं.

आता माझी मुलगी गाडी शिकतेय. आता कळतं, उत्तर यायला जो वेळ लागला, तेवढ्यात बाबा आवाज सावरत होते.