व्हर्डीने शिवलेले खिसे

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कोल्टर्स गॅपमध्ये दाराला कुलूप लावायची पद्धत नव्हती आणि गावाला त्याचा मोठा अभिमान होता. राजधानीचे वर्तमानपत्र आले की डॉयल टॅकेटच्या पशुखाद्याच्या दुकानात शिकागोच्या आणि डेट्रॉइटच्या दरोड्यांच्या बातम्या चवीने वाचल्या जात. महायुद्ध संपल्यापासून सर्वांत जास्त खून आपल्या दक्षिणेतच होतात, असेही त्या वर्तमानपत्राने एकदा छापले होते. ते पान टॅकेटने वाचून दाखवले नाही. आपल्याकडे होतात ती भांडणे, खून उत्तरेत होतात, असे म्हणून त्याने ते पान जमिनीवर सांडलेल्या रॉकेलवर पसरले.

व्हर्डी लेडबेटर हे सगळे ऐकून होती. ती गावाची शिंपीण. तोंडाने तिखट. गावाचे तिच्यावाचून अडायचे, म्हणूनच केवळ लोक तिचे बोलणे खपवून घेत. कोणाच्या बायकोने स्वयंपाकात हात आखडला आणि कोणाचे पोट सुटले, हे तिला कमरेच्या शिवणीवरून कळे, आणि ती ते तोंडावर सांगे.

तिचा नवरा एमेट एके काळी गरम डोक्याचा होता. तेव्हा गावातल्या बहुतेक पुरुषांच्या मागच्या खिशात पिस्तूल असे. लढाईवरून परतलेल्यांनी तर परदेशी पिस्तुले आणली होती. दोघांत बाचाबाची झाली की एकाचा हात मागे जाई आणि दुसरा त्याच्या आधी गोळी घाली. मग टॅकेट कॉरोनर, म्हणजे मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी, म्हणून सहा पंच दुकानात बसवी. मारणारा सांगे, त्याचा हात मागे गेला. पंच म्हणत, स्वसंरक्षण. त्यापुढे सरकारी वकील कधी जात नसे.

एका नाताळात एमेट अशाच एका भांडणातून थोडक्यात बचावला. दुसऱ्या दिवशी व्हर्डीने त्याचे पिस्तूल विहिरीत टाकले आणि त्याच्या सगळ्या पँटींचे मागचे खिसे दुहेरी दोऱ्याने शिवून टाकले. एमेट हसला. "आता रुमाल कुठं ठेवू?" त्याने विचारले. "बाहीला पूस," ती म्हणाली. त्याने तेही ऐकले. खिसा नाही तर पिस्तूल नाही आणि पिस्तूल नाही तर धोका नाही, असा तिचा हिशेब होता.

एप्रिलमध्ये होलिस ग्रिग्सबीचा कुत्रा एमेटच्या खुराड्यात शिरला. एमेटने चारचौघांत होलिसला काहीतरी लागट बोलून दाखवले. तीन दिवसांनी कापसाच्या शेताकडे जाणाऱ्या वाटेवर होलिसने त्याला गोळी घातली. तिथे तिसरे कोणी नव्हते. एमेटचा हात मागे गेला, असे होलिसने सांगितले.

व्हर्डीला एकच गोष्ट हवी होती. होलिसला जिल्ह्याच्या न्यायालयात उभे करा. ती एमेटची रक्ताळलेली पँट घेऊन दुकानात गेली आणि तिने ती पंचांसमोर पेंडीच्या पोत्यावर उलटी पसरली. खिसे गच्च शिवलेले होते. सहाही जणांनी बोट फिरवून पाहिले.

टॅकेटने घसा साफ केला. "पण खिसा शिवलाय हे होलिसला कसं माहीत असणार?"

"माझ्या नवऱ्याचा हात न उघडणाऱ्या खिशाकडं जाईल कशाला, डॉयल?"

मग पंचांतला एक म्हातारा, जो एमेटबरोबर चर्चमध्ये एका बाकावर बसत असे, हळू आवाजात म्हणाला, "व्हर्डीबाई, वाईट वाटून घेऊ नका. खिसा शिवला नसता, तर तो कदाचित वाचला असता."

व्हर्डीने पँटीची घडी घातली. तिच्या तोंडून शब्द निघाला नाही, आणि त्या बाईच्या बाबतीत हे पहिल्यांदाच घडत होते. पंचांनी स्वसंरक्षण म्हटले. कोंबडी चोरणाऱ्याला याच गावाने गेल्या वर्षी तुरुंगात धाडले होते. बाहेर पायरीवर लोकांनी होलिसच्या पाठीवर थाप मारली.

मे महिन्यात थडगी सजवण्याचा रविवार येतो. सगळा गाव थडग्यांभोवतीचे गवत काढतो, फुले वाहतो, भजने म्हणतो आणि झाडांखाली बसून जेवतो. त्याआधी पुरुषांच्या ठेवणीतल्या पँटी कंबर सैल करायला व्हर्डीकडे येत. तिची जुनी पद्धत अशी की पँट परत देताना इस्त्री केलेला पांढरा रुमाल मागच्या खिशात घालून, त्याचे टोक बाहेर काढून द्यायचे. या वर्षी पँटी पाठवाव्यात की नाही, यावर घराघरांत थोडी कुजबुज झाली. पण ती गप्प होती, म्हणजे तिने पचवले, असे सगळ्यांनी धरले. टॅकेटची आली, सहाही पंचांच्या आल्या. शनिवारी सगळ्या वेळेवर परत गेल्या, रुमालाच्या टोकांसकट.

रविवारी ऊन कडक होते. एमेटच्या ताज्या मातीपाशी भजन सुरू झाले. होलिसही आला होता. टोपी हातात, चेहरा उदास. दुसऱ्या कडव्याला घामाच्या धारा लागल्या तसा टॅकेटचा हात रुमालासाठी मागे गेला. रुमाल निघेना. त्याने हिसका दिला. शेजारचा म्हातारा पंचही मागे ओढत होता. त्याच्या पलीकडचाही. टोक हाती येई, रुमाल येत नसे. भजन विस्कळीत झाले, आणि सात माणसे थडग्याभोवती एक हात मागे घालून धडपडत उभी राहिली.

व्हर्डी मातीच्या पलीकडून होलिसकडे पाहत होती.

"होलिस," ती म्हणाली, आणि तिचा आवाज चर्चच्या पायरीपर्यंत गेला, "सात हात मागे गेलेत. बघत काय बसलास? घाल गोळी."

होलिसने टोपी डोक्यावर घातली. सातही हात हळूहळू पुढे आले. पुढचे कडवे कोणी उचलले नाही.

"दोरा दुहेरी आहे," व्हर्डी टॅकेटला म्हणाली. "घरी जाऊन बायकोकडून उसवून घे. माझ्याकडं आणू नकोस."

मग तिने गुडघे टेकले आणि एमेटच्या मातीभोवतीचे गवत उपटायला लागली. लोक एकेक करून जेवणाच्या झाडांकडे सरकले. त्या दिवशी तिला कोणी ताट वाढून आणले नाही, आणि तिने वर मान करूनही पाहिले नाही.