जुन्या नळ्यांचा दाणा

जळगावच्या एमआयडीसीत मी आणि माझी नणंद प्लास्टिकच्या चटयांच्या कारखान्यात होतो. कडा शिवायच्या, घड्या घालायच्या. एका सोमवारी मालकाने आम्हा बायकांना फाटकातच थांबवलं. थोड्या माणसांत चालणारी नवी यंत्रं आली होती. मी त्याच्या गाडीला आडवी गेले. "मग आम्ही करायचं काय?"

त्याने काच अर्धीच खाली केली. "कचरा वेचा. गावात तोटा नाही त्याला."

गाडी गेली. नणंद रडली. मला रडू आलं नाही, नुसता राग आला, आणि तो मी जपून ठेवला.

नवऱ्याचं काम कधी असायचं, कधी नसायचं. म्हणून आम्ही सगळे धुळ्याला माझ्या माहेरी आलो. आजूबाजूच्या शेतांत ठिबकच्या जुन्या नळ्या बांधावर जाळायचे, काळ्या धुराने डोळे चुरचुरायचे. मी शेतकऱ्यांना म्हटलं, जाळू नका, आम्ही नेतो. त्या नळ्या चिखलाने भरलेल्या, भंगारवाला नाक मुरडायचा. मालकाचे शब्द खरे करत मी खरंच कचरा वेचत होते. प्रत्येक नळी ओढताना त्याचा चेहरा डोळ्यांसमोर असायचा.

माहेरच्या गल्लीत एक चाचा राहायचे. जन्म यंत्रमागांची दुरुस्ती करण्यात गेलेला. आता गल्लीतले माग भंगारात निघत होते आणि ते ओट्यावर बसून असायचे. मी म्हटलं, "चाचा, नळ्या धुवायचं यंत्र कराल का?"

"बेटा, बसून बसून गंज चढला मला. सामान आण."

विकायला काढलेल्या मागाची मोटर आणि लोखंडी पिंप जोडून त्यांनी यंत्र उभं केलं. धुळ्याजवळ नरडाण्याच्या एमआयडीसीत एक शेड कित्येक वर्षं कुलूपबंद होती, ती भाड्याने मिळाली. नळ्या चिरायच्या, धुवायच्या, वितळवून प्लास्टिकचा दाणा पाडायचा, ज्यातून नवा माल बनतो. धुण्याचं पाणी हौदात निवळून पुन्हा वापरायचं, कारण तिथे पाण्याचीच मारामार. हळूहळू शेजारच्या दोन शेडही उघडल्या. फाटकातून परत पाठवलेल्या आमच्यातल्या बऱ्याच जणी जळगावहून रेल्वेने कामाला येऊ लागल्या. समोर चहाची टपरी लागली.

मग एक दिवस तोच मालक आला. व्यापारी आता जुन्या प्लास्टिकची चटई मागत होते आणि स्वच्छ दाणा आमच्याकडेच होता. त्याने मला ओळखलं नाही. "ताई, सगळा माल मला द्या," म्हणाला.

मी त्याला खुर्ची दिली, चहा दिला. चहा संपेपर्यंत थांबले. "तुम्हाला एक मूठही मिळणार नाही."

"का? भाव वाढवून देतो."

"कचरा वेचणाऱ्या बायका आहेत इथे. तुम्हीच पाठवलेल्या."

तेव्हा त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. मग तो उठला.

त्याने कुठूनतरी मातीमिश्रित दाणा घेतला. त्याच्या चटया उन्हात तडकल्या. मी बसून राहिले नाही. दोंडाईच्याला चटयांवर मिरची वाळवणाऱ्या व्यापाऱ्यांकडे स्वतः गेले, दुसऱ्या कारखान्यातून विणून घेतलेली आमच्या दाण्याची चटई अंथरून दाखवली, त्याची गिऱ्हाइकं एकेक करून तोडली. त्याचा कारखाना बंद पडला तेव्हा यंत्रं विकायला निघाली, तीही मीच उचलली. ट्रकमधून उतरताना पाहिली आणि मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू?

नणंदेने मला बाजूला घेतलं, अहिराणीत म्हणाली, "आते बस कर, वहिनी. भरनं का तुनं मन?"

"नही भरनं," मी म्हटलं.

त्याची माणसं उघड्यावर पडली, असं ती म्हणाली. ज्यांनी विचारलं त्यांना मी कामावर घेतलं. मालकाच्या भाच्यानेही विचारलं होतं. त्याला घेतलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात धुळ्याच्या एका लग्नात तो मालक दिसला. पांढरा झालेला, एकटाच. त्याने हात जोडले. मी त्याच्याकडे पाहत राहिले, त्याचे हात खाली येईपर्यंत. मग नणंदेला हाक मारली आणि आम्ही जेवायला बसलो. जेवण चांगलं होतं, मी दोनदा भात घेतला.